आधी चूक, मग खुशाली

कुंभकोणम्
गुरुवार, ९ ऑक्टोबर २०२५

ती. सुंदरीअत्यांस हरिणीचा नमस्कार.

आधी चूक, मग खुशाली, हा तुमचा नियम. तर आधी चूक. मागच्या पत्रात मी लिहिलं होतं की सरस्वतीपूजेच्या दिवशी कचेरीत काही काम झालं नाही. पूजा झाली, प्रसादाचं हरभऱ्याचं सुंडल वाटलं आणि दुपारी आम्ही घरी आलो. ते खरं नाही. त्या दिवशी एक काम झालं, आणि ते मी केलं. तेव्हापासून मला नीट झोप लागत नाही.

तुम्ही मागे विचारलं होतं की मी दिवसभर नेमकं काय करते. गिरणीवाले, खताचे व्यापारी, भांड्यांचे कारखानदार माल पाठवण्याआधी लॉरीचा नंबर आमच्याकडे पाठवतात. मी तो सरकारी संकेतस्थळावर घालून बघते. नोंदणी आहे का, विमा चालू आहे का, एफ.सी. आहे का, म्हणजे गाडी रस्त्यावर चालायला लायक असल्याचा दाखला. त्या कंपनीच्या लॉऱ्यांना याआधी अपघात झाले आहेत का. सगळं बरोबर असलं तर मी सही करते आणि माल चढतो. चुकीचं असलं तर लॉरी परत जाते आणि ड्रायव्हर मला शिव्या देतो.

संकेतस्थळ एक गोष्ट पूर्ण दाखवत नाही. चेसिसचा नंबर, जो लॉरीच्या लोखंडी सांगाड्यावर ठोकलेला असतो, त्याचे शेवटचे पाच आकडे झाकलेले असतात. म्हणून गुरुमूर्ति सारांनी, म्हणजे आमच्या मालकांनी, जुनी पद्धत ठेवली आहे. ड्रायव्हर त्या नंबरावर पातळ कागद धरून वरून पेन्सिल घासतो. आकडे कागदावर उमटतात. ती पट्टी आम्ही नोंदवहीत चिकटवतो आणि दर वेळी नवी पट्टी जुनीशी ताडून बघतो. नंबरप्लेट कुणीही रंगवून घेईल. लोखंडावरचा नंबर तसा बदलता येत नाही.

पूजेच्या दिवशी नोंदवह्या रेशमी वस्त्राखाली होत्या. चंदन, कुंकू, फुलं. संगणकालाही कुंकू लावलं होतं. अकराच्या सुमाराला खताची तातडीची खेप घेऊन जाणारी एक लॉरी आली. ड्रायव्हरने पट्टी दिली. मी मोबाइलवर नंबर बघितला. भुवनेश्वरी माझ्या शेजारी बसते, ती म्हणाली, “सरस्वतीला सुट्टी आहे, मोबाइलला नाही ना? दे सही, सुंडल गार होतंय.” कागदपत्रं सगळी चालू होती. पण जुनी पट्टी नोंदवहीत होती, आणि पूजेतली वही विजयादशमीपर्यंत उघडायची नाही, हे तुम्ही मला पाचव्या वर्षी शिकवलं. मी वही उघडली नाही. सही केली.

दुसऱ्या दिवशी वही उघडली, पट्टी चिकटवायला गेले आणि हात थांबला. जुन्या पट्टीवर शेवटी ५८२१४. नवीवर ३०९६७. अत्या, नंबरप्लेट एकच आहे आणि लॉऱ्या दोन आहेत. एकीची कागदपत्रं आहेत. दुसरी कोण आहे, तिचे ब्रेक कुणी तपासले, देव जाणे. आणि तिला रस्त्यावर मी सोडलं.

मी अजून कुणालाही सांगितलेलं नाही. फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही, आणि हे ओरडून सांगण्यासारखं नाही.

खुशाली अशी की आई-बाबा ठीक आहेत. माझा दमा या पावसात अजून उठलेला नाही. जाता जाता एक विचारते. आतोबांची जुनी निळी लॉरी अजून गोठ्यामागे उभी आहे का? तिच्या पायरीवर बसून मी पाढे म्हणत असे, ते आठवलं म्हणून विचारलं.

तुमची,
हरिणी

*

तिरुक्करुगावूर
१४ ऑक्टोबर २०२५

चि. हरिणी,

आधी चूक. मागे लिहिलं होतं की गाईला कालवड झाली. तो गोऱ्हा आहे. चष्मा न लावता गोठ्यात गेले होते. विजय अजून आईला हसतो आहे.

तुझं पत्र लाल पेन्सिल हातात घेऊनच वाचलं. दोन ठिकाणी वाक्यं लांबली आहेत, खुणा करून परत पाठवते आहे. बाकी ठीक.

पूजेतली वही उघडली नाहीस म्हणून मी तुला रागावणार नाही. पण सही करायला तुला कुणी सांगितलं होतं? वही उघडायची नाही, हे मी शिकवलं. वही न उघडता सही करायची, हे मी कधी शिकवलं? “उद्या या” एवढं म्हणायचं होतंस. खत एक दिवस थांबलं असतं. भात काही पळून जात नाही.

आता घाबरून बसू नकोस. दमा होता म्हणून सात वर्षांची होईपर्यंत तुला शाळेत घातली नाही. माझ्याजवळ ओसरीवर शिकलीस, म्हणून तुझ्या अंगात बाहेरच्या लोकांची भीती राहिली आहे. ती माझी चूक धर. ज्याने पट्टी दिली त्या ड्रायव्हरला गाठ आणि सरळ विचार. असल्या कंपन्या कोण चालवतात कुणास ठाऊक. आईबापांनी काही शिकवलेलं नसणार.

तुझ्या आतोबांची लॉरी तीन वर्षांपूर्वी भंगारात गेली. विजयने सगळं केलं. मी कागदांवर सह्या केल्या, दहा-बारा असतील. गेली तेव्हा मी आत जाऊन बसले, बघवलं नाही. विजयने नवी घेतली तिलाही निळाच रंग दिला आणि पुढे माझं नाव लिहून घेतलं. त्रिपुरसुंदरी लॉरी सर्विस. देवळात जाताना लोक म्हणतात, अम्मा, तुम्ही आत्ता पापनाशमच्या रस्त्याने गेलात. मी म्हणते, हो, तासाला चाळीसच्या वेगाने.

दिवाळीला येतेस का ते कळव. गोडाला उक्कारै करणार आहे.

तुझी अत्या,
त्रिपुरसुंदरी

*

कुंभकोणम्
बुधवार, २२ ऑक्टोबर २०२५

ती. अत्यांस नमस्कार.

आधी चूक. या वेळी दोन आहेत आणि दोन्ही मी जाणूनबुजून केल्या.

पहिली. मी “एक लॉरी” असं लिहिलं. ती विजयअण्णांची होती. नंबर ४४७१. पुढे तुमचं नाव लिहिलेली.

दुसरी. पाढे आठवले म्हणून मी जुन्या लॉरीबद्दल विचारलं नव्हतं. वेगळी पट्टी मिळाल्यावर मी कपाटातल्या जुन्या वह्या काढल्या. २०१९ सालच्या वहीत आतोबांच्या लॉरीची, २२०६ ची, पट्टी सापडली. आतोबांनी स्वतः घासून आणलेली, शेवटच्या सातावर त्यांच्या अंगठ्याचा ठसा आहे. ३०९६७. पूजेच्या दिवशीच्या पट्टीशी आकडा न् आकडा जुळतो.

अत्या, ती भंगारात गेलेली नाही. मी २२०६ संकेतस्थळावर घालून बघितली. एफ.सी. जून २०२२ मध्ये संपली. विमा संपला. भंगारात काढल्याची नोंद नाही. तिच्यावर ४४७१ ची प्लेट लावून ती चालवत आहेत, म्हणजे कुणी नंबर तपासला तर नवीची कागदपत्रं दिसतात. एका नंबरावर दोन खेपा.

लॉरीच्या मालकाचं नावही संकेतस्थळ झाकून दाखवतं. पहिलं अक्षर, मग चांदण्या, मग एखादं अक्षर, परत चांदण्या. परक्याला त्यातून काही कळणार नाही. मला कळलं. तुमच्याच नावाने मी वाचायला शिकले. आतोबा गेल्यावर ती लॉरी तुमच्या नावावर झाली, आणि अजून आहे. त्या दहा-बारा सह्या कशावर होत्या, तुम्ही ते वाचलं होतंत का?

ड्रायव्हरला गाठलं. स्वामीनाथ म्हणून आहेत, पन्नाशीचे. चहाच्या टपरीवर बोलले. मी विचारलं, “अण्णा, पूजेच्या दिवशी आणलीत ती जुनी होती ना?” त्यांनी ग्लासातला चहा संपवला. मग लहान मुलीला म्हणावं तसं म्हणाले, “पापा, मला का विचारतेस? तुला माहीत असल्याशिवाय तू विचारतेस का?” मी म्हटलं, ब्रेक? ते म्हणाले, “आहे ना. पण आपल्या मनाने लागतो. दोनदा दाबला की तिसऱ्यांदा ऐकतो. उतारावर मी अंबिकेचं नाव घेतो, मालक म्हणतात तेवढं पुरे.” हसले. मला हसू आलं नाही.

आमच्या कचेरीत आता नेहमी नवीच येते. जुनी दुसरीकडून माल भरते. म्हणजे मी परत पाठवायची म्हटली तरी ती माझ्यासमोर येणार नाही.

मला आर.टी.ओ. कचेरीत जाऊन सांगायला हवं. पण सांगितलं तर पहिलं नाव तुमचं येईल. म्हणून तुम्हाला विचारते. विजयअण्णांशी तुम्ही बोलाल का? तुम्ही म्हटलंत तर ते उभी करतील. तुमच्या उत्तराची वाट बघते आहे. दिवाळीला आले नाही, कारण तुमच्या घरी जेवायला बसून त्यांच्या तोंडाकडे बघणं मला जमलं नसतं.

हरिणी

*

तिरुक्करुगावूर
२९ ऑक्टोबर २०२५

चि. हरिणी,

तुझं पत्र मिळालं. तुझा काहीतरी गैरसमज झाला आहे. पट्ट्या घासताना आकडे चुकीचे उमटतात, जुन्या वह्यांत काहीही असतं. ड्रायव्हर लोकांच्या बोलण्यावर जाऊ नये.

इथे सगळं ठीक आहे. तुझ्या कानावर काही आलं तर घाबरू नकोस. शनिवारी देवळाजवळ एक लॉरी मागे सरकली आणि फुलवालीची टोपली चिरडली. एवढंच झालं. लोक वाढवून सांगतात.

यापुढे कामाच्या गोष्टी पत्रात लिहू नयेत. तब्येतीला जपावे.

त्रिपुरसुंदरी

*

कुंभकोणम्
गुरुवार, ६ नोव्हेंबर २०२५

ती. अत्यांस नमस्कार.

हे पत्र पोस्टाने येणार नाही. तुमच्या गावच्या शाळेतल्या गायत्री टीचर माझ्या बसस्टॉपवरून रोज तिकडे येतात. त्या तुमच्याच हातात देतील. दुसऱ्या कुणी मागितलं तर परत आणतील.

आधी चूक. मी लिहिलं होतं की विजयअण्णा तुमचं ऐकतील. ते लिहायला नको होतं.

तुमच्या पत्रात वर चूक नव्हती. माझी पत्रं तुम्ही खुणा करून परत पाठवता, तेही आलं नाही. वीस वर्षांत असं झालेलं नाही. ते पत्र मी चार वेळा वाचलं. अक्षर तुमचं आहे. माझी खात्री आहे की चूक वगळून तुम्ही मला खूण केलीत, कुणीतरी शेजारी उभं होतं म्हणून.

मंगळवारी खात्री पटली. विजयअण्णा कचेरीत आले. हातात अर्धा किलो हलवा. भुवनेश्वरीला म्हणाले, “माझी मामेबहीण. मोजायला माझ्याच लॉरीवर शिकली, आता मलाच मोजते.” ती हसली आणि हलवा घेऊन आत गेली. मग त्यांनी खुर्ची ओढली आणि घरच्या मराठीत बोलायला लागले, म्हणजे कुणाला कळू नये.

“अक्षर फार सुंदर आहे गं तुझं. चांदण्या काय, अंगठ्याचा ठसा काय. आईने घडवलंय, दिसतंच.”

मी समोरची नोंदवही मिटली.

“कार्तिगै दीपाच्या सणापर्यंत थांब. खताचे दिवस आहेत. चार-पाच खेपा, मग मी स्वतः ती कापायला देतो. शपथ.”

मी म्हटलं, “अण्णा, ब्रेक.”

“ब्रेक, ब्रेक. एका टोपलीसाठी किती ब्रेक?” मग एकदम आवाज खाली. “केस झाली तर चांदण्या काढतात, माहीत आहे ना? मग तिथे आईचं नाव असतं. एकाहत्तर वर्षांच्या बाईला कोर्टाच्या पायऱ्या चढवशील? चढव. आणि एक तारखेच्या पानावर सही कुणाची आहे गं? माझी तर नाही.”

जाताना माझ्या डोक्यावर हात ठेवला. लहानपणी ठेवत तसा. मला तो हात अजून जाणवतो.

तुम्ही ठीक आहात ना? घरात तुमच्याशी कुणी कसं वागतंय? त्यांनी तुम्हाला काही म्हटलं का? मी रोज संध्याकाळी गायत्री टीचरांच्या बसची वाट बघत उभी राहते. तुमच्यासाठी मी गप्प आहे. माझ्या सहीची, नोकरीची मला भीती वाटत नाही. फक्त तुमचं नाव येईल याची वाटते. तुम्ही काय म्हणाल ते मी करीन. पण कळवा.

आणि फुलवाली कशी आहे? टोपलीच होती ना?

हरिणी

*

तिरुक्करुगावूर
२७ नोव्हेंबर २०२५

चि. हरिणी,

आधी चूक. मी लिहिलं होतं, टोपली चिरडली. टोपली नव्हे. पाय.

शिवरंजनी नाव तिचं. अठरा वर्षं मला देवीसाठी फुलं देते आहे. लॉरी आपलीच होती, जुनी. स्वामीनाथने चढावर थांबवली, आणि ती मागे आली. डाव्या पायाचं गुडघ्याखालचं हाड दोन ठिकाणी मोडलं. विजयने मला टोपली म्हणून सांगितलं आणि मी टोपली लिहिलं. पण पायाचं मी त्याच दिवशी फुलांच्या दुकानात ऐकलं होतं. म्हणजे मला माहीत होतं.

दुसरी चूक तुझी आहे, ती सुधारते. तुला वाटलं मी खूण केली. खूण नव्हती. विजय शेजारी उभा होता हे खरं, पण चूक लिहू नकोस असं तो म्हणाला नव्हता, त्याला आपला नियम ठाऊकही नाही. चूक लिहायला घेतली असती तर मला हीच लिहावी लागली असती, म्हणून जागा कोरी ठेवली. मुलगा आहे. एकच आहे. त्याला तापात मांडीवर घेऊन बसलेली मी. तू चांगलं समजलीस, पण मी तेवढी चांगली नव्हते.

तुझं पत्र मिळून तीन आठवडे झाले. पहिला आठवडा मी काही केलं नाही. दुसऱ्या आठवड्यात जेवताना विजयला म्हटलं, उभी कर. तो म्हणाला, दीपानंतर. मी परत म्हटलं. तो पान सोडून उठला. मग मी गायत्री टीचरांना घेऊन तंजावरला दवाखान्यात शिवरंजनीला बघायला गेले. मला बघून ती उठायला लागली. मी म्हटलं, टोपली मोडली असं लोक म्हणत होते. ती म्हणाली, “टोपली गेली असती तर विणली असती, अम्मा.” रागावली नाही गं. रागावली असती तर मला घरी येऊन जेवता आलं असतं.

काल दुपारी विजय कुंभकोणमला होता आणि लॉरी गोठ्यामागे उभी होती. मी गेले. पुढच्या उजव्या चाकाजवळ, आत, तुझे आतोबा दाखवायचे तिथेच तो नंबर आहे. वाकले की परत उठता येत नाही, म्हणून गाईच्या दाव्याला धरून बसले. घासलेटच्या चिंधीने चिखल पुसला. पातळ कागद घरात नव्हता, म्हणून भिंतीवरच्या कॅलेंडरचं त्याच दिवसाचं पान फाडून नेलं. पेन्सिल माझ्याकडे एकच असते, तुला माहीत आहे. ती लाल आहे. आकडे लालच उमटले. पहिल्यांदा नीट आले नाहीत, दुसऱ्यांदा आले. गोऱ्हा सारखा माझी पाठ चाटत होता.

पान सोबत आहे. तारीख छापलेली आहेच. खाली मी माझं नाव लिहिलं आहे, सगळी अक्षरं उघडी. २२०६ माझी आहे, ती भंगारात गेलेली नाही, आणि मी न वाचता सह्या केल्या, असंही लिहिलं आहे.

विजयने जुनीसाठी नवी खेप धरली आहे. बुधवारी, तीन तारखेला, पहाटे माल भरून सकाळी देवळावरून जाणार. त्या दिवशी कार्तिगै दीप. दर वर्षी त्या रस्त्यावर किती बायका असतात तू बघितलं आहेस. पोटुश्या, हातात पणत्या. गर्भ राखणाऱ्या देवीच्या दारात येतात त्या.

माझा विचार करू नकोस. पायऱ्या चढेन. गुडघे दुखतात, सावकाश चढेन.

या वेळी तुझ्या पत्रावर एकच लाल खूण केली आहे. “तुम्ही काय म्हणाल ते मी करीन” या वाक्याखाली. तुझ्या कामाचं तू मला विचारायचं नसतं.

अत्या

*

कुंभकोणम्
शनिवार, २९ नोव्हेंबर २०२५

ती. अत्यांस नमस्कार.

आधी चूक. मी लिहिलं होतं की तुमच्या नावासाठी मी गप्प आहे आणि माझ्या सहीची मला भीती नाही. भीती होती. तुमचं नाव पुढे केलं की माझी सही मागे राहत होती. दोन ऑक्टोबरला, वही उघडली त्याच क्षणी मी बोलले असते, तर शिवरंजनी आज देवळाबाहेर बसून गजरे ओवत असती. आधी चूक लिहायचा नियम मी पत्रांत पाळला, कचेरीत पाळला नाही.

भीती अजून आहे. काल संध्याकाळी टीचरांनी तुमचं पाकीट दिलं, तेव्हापासून दम लागतो, दोनदा पंप घेतला. रस्त्यावर निळी लॉरी दिसली की मी दुकानात शिरते. आज सकाळी एका भांड्यांच्या दुकानात शिरले आणि उगाच एक दिवा विकत घेतला.

गुरुमूर्ति सारांना आज सगळं सांगितलं. तिन्ही पट्ट्या टेबलावर ठेवल्या. आतोबांची, पूजेच्या दिवशीची आणि तुमची लाल. सारांनी चष्मा काढून एकेक आकडा ताडला. मग म्हणाले, “दोन तारखेला का नाही सांगितलंस?” मी म्हटलं, घाबरले. ते म्हणाले, “मग आज काय झालं, भीती संपली?” मी म्हटलं, नाही सार. त्यांनी कपाट उघडून दोन्ही नोंदवह्या माझ्यापुढे ठेवल्या. “घेऊन जा. गिऱ्हाईकं जातील. तुला कामावर ठेवता येईल की नाही, आज सांगत नाही. वह्या मात्र परत आण.”  वह्या बांधायला भुवनेश्वरीने स्वतःच्या डब्याची पिशवी दिली.

स्वामीनाथ अण्णांना भेटले. बुधवारी गाडी काढू नका म्हटलं. ते म्हणाले, “मी नाही काढली तर मालक दुसरा बसवतील, पापा. त्याला तिसऱ्यांदा दाबायचं माहीत नसेल.” हे मला सुचलंच नव्हतं. म्हणून बुधवारपर्यंत थांबता येणार नाही. शिवरंजनीच्या वेळी काय झालं ते ते सांगायला तयार आहेत. माझ्याबरोबर येतील की आयत्या वेळी येणार नाहीत, मला माहीत नाही. आले नाहीत तरी मी जाणार.

तक्रार लिहून झाली आहे. तमिळमध्ये आहे, पण सुरुवात आपल्या पद्धतीची. पहिलं वाक्य असं: १ ऑक्टोबर २०२५ रोजी या लॉरीची पट्टी जुन्या पट्टीशी न ताडता मी सही केली, ती माझी चूक. त्यानंतर ४४७१, त्यानंतर २२०६. त्यानंतर तुमचं नाव, पूर्ण. ते लिहिताना मी थांबले. तुमच्या पानाकडे बघितलं आणि लिहिलं. विजयअण्णांचं नाव शेवटी आहे. तेही पूर्ण आहे.

हे पत्र मी आज मुद्दाम पोस्टात टाकते. ते सोमवारी दुपारच्या टपालाने तिकडे पोचेल. विजयअण्णांनी आधी उघडलं तरी हरकत नाही, तोवर झालेलं असेल. तुम्हाला मात्र गायत्री टीचर सोमवारी सकाळीच तोंडी निरोप देतील, त्यांच्या घरी जाऊन बसा. त्या शाळेतून अर्धी रजा काढणार आहेत. गोऱ्ह्याला वैरण घालून निघा, आणि चष्मा विसरू नका.

खुशाली लिहायची राहिली. या वेळी ती नाही.

शनिवार-रविवार आर.टी.ओ. कचेरी बंद असते. दार उघडेल तेव्हा मी वह्या घेऊन पायरीवर उभी असेन. सोमवार, १ डिसेंबर २०२५, सकाळी दहा वाजता.

हरिणी